हळदीचा तांबडा रंग

सुजाण वाचकहो, पुढील पानांत बिडकीन गावी घडलेली एक हकीकत यथामती निवेदन करण्यात येत आहे. चित्रकलेच्या एका गुरुजींनी मुलांना रंगांचे शास्त्र शिकविताना एका मुलीला भर वर्गात शाबासकी दिली. त्या शाबासकीपायी एका घरची चूल विझण्याची वेळ आली. आणि ती चूल पेटती राहावी म्हणून गुरुजींना आपल्या पदरचे काय द्यावे लागले, एवढाच या कथेचा विषय आहे. यात राजे नाहीत, लढाया नाहीत. एक भिंत आहे, वाटीभर हळद आहे आणि एक एकटा माणूस आहे. तरी वाचकांनी चित्त स्थिर ठेवून वाचावे, अशी प्रार्थना करून कथेस आरंभ करतो.

मधुसूदन व्यंकटराव लासूरकर हे औरंगाबादेस औरंगपुऱ्यात जन्मलेले गृहस्थ. वडील तहसिलीत कारकून होते. त्या काळच्या रिवाजाप्रमाणे मधुसूदनरावांचे सगळे शिक्षण उर्दूतून झाले आणि उस्तादांनी त्यांना रंग शिकविले तेही उर्दूतूनच. पुढे पोलीस ॲक्शन झाली, निजामाचा अंमल संपला, शाळांतून उर्दू जाऊन मराठी आली. पुष्कळ जुने मास्तर त्या बदलात गांगरून गेले. लासूरकर गुरुजींनी मात्र दोन उन्हाळ्यांच्या सुट्ट्या खर्ची घालून आपली रंगांची वही स्वतःच्या हाताने मराठीत उतरविली. त्या कामी त्यांची पत्नी अनसूया हिचे साहाय्य झाले. ती समोर बसून शेवया वळीत असे आणि गुरुजी अडले म्हणजे हसून म्हणे, "अहो, इतके अवघड शब्द कशाला शोधता? लेकरं उद्या तुम्हालाच अर्थ विचारतील."

लेकरे म्हणजे शाळेतली. त्यांच्या घरी पाळणा हलला नाही. आणि वही पूर्ण झाली त्याच वर्षी अनसूयाबाई विषमज्वराने गेल्या.

त्यानंतर चार वर्षांनी, आपला मुलूख मुंबई राज्यात सामील झाल्याच्या दुसऱ्या वर्षी, गुरुजींची बदली बिडकीनच्या शाळेत झाली. पेठेच्या मागच्या अंगास त्यांनी एक खोली भाड्याने घेतली. एक पलंग, एक स्टोव्ह, रंगांची पेटी आणि ती वही, एवढाच त्यांचा संसार. आरंभी ते दर शनिवारी मोटारीने औरंगाबादेस भावाकडे जात. परंतु त्यांच्या जुन्या खोलीत आता पुतण्यांचे अंथरूण पडू लागले होते. भावजय वाईट नव्हती. पण गुरुजी आले की ते अंथरूण गुंडाळावे लागे, आणि ते गुंडाळतानाचा तिचा निमूटपणा गुरुजींना बोचत असे. हळूहळू त्यांनी जाणे सोडले.

गावात त्यांना मान होता. रस्त्याने निघाले की "रामराम गुरुजी" म्हणून लोक बाजूला होत. परंतु बाजूला झालेला माणूस पुढे निघून जाई. थांबून दोन शब्द बोलावे असे कोणाच्या मनात येत नसे. ब्राह्मणाचा, त्यात शहरातला, त्यात एकटा; याच्याशी बोलायचे तरी काय? शाळा सुटल्यावर गुरुजी कुंचले धूत. धुतलेले कुंचले पुन्हा धूत. वेळ जाता जात नसे. आठवड्यातून दोनदा पाचवीच्या वर्गावर चित्रकलेचा तास असे. त्या दोन तासांच्या आशेवर ते उरलेले दिवस काढीत.

वरून मागविलेले रंग जानेवारी उजाडला तरी आले नव्हते. तेव्हा गुरुजींनी मुलांना सांगितले, "जो तो आपल्या घरातून पुडी घेऊन येईल. हळद, कुंकू आणि कपड्यांची नीळ. चिमूटभर पुरे."

पुड्या आल्या. गुरुजींनी त्या वाट्यांत ओतून डिंकाच्या पाण्यात कालविल्या आणि टेबलावर मांडल्या.

"हे पाहा," ते म्हणाले, "पिवळा, लाल आणि निळा. हे तीन मूळ रंग. जगातले बाकीचे सगळे रंग या तिघांपासून होतात. पिवळ्यात निळा घातला की हिरवा, लालात पिवळा घातला की नारिंगी, निळ्यात लाल घातला की जांभळा. परंतु या तिघांना मात्र कोणी करू शकत नाही. यांना आईबाप नाहीत."

"मंग यायचं लगीन कोन जमवितं, गुरुजी?" बन्सी नावाचा एक वात्रट मुलगा म्हणाला. वर्ग हसला. गुरुजीही किंचित हसले.

तेवढ्यात शेवटच्या ओळीतून एक बारीक आवाज आला. "गुरुजी, तांबडा मुळातला हाय?"

विचारणारी होती सरू. अकरा-बारा वर्षांची, अंगाने किरकोळ, वर्षभरात आपण होऊन एक शब्द न बोललेली मुलगी.

"होय. तांबडा म्हणजेच लाल. तो कशापासूनही होत नाही."

"कशापासूनच नाय व्हत?"

"नाही."

सरूने मान खाली घातली आणि हात परकराच्या घोळात लपविले. गुरुजींना वाटले, मुलीला समजले. ते समाधानाने पुढे शिकवू लागले.

सव्वीस जानेवारी जवळ आली. झेंडावंदनाला अवघा गाव येणार म्हणून मोठे गुरुजी बद्रीनाथराव यांनी शाळेला चुना लावून घेतला आणि दर्शनी भिंत लासूरकर गुरुजींच्या हवाली केली. "तुमचं ते रंगांचं चक्र का काय, ते काढा यावर. पोरांच्या हातानं. गावाला कळू द्या, चित्रकला म्हणजे नुसते आंबे अन् कळश्या नव्हेत."

गुरुजींच्या अंगावर मूठभर मांस चढले. त्यांनी दोरी धरून पुरुषभर उंचीचे वर्तुळ आखले, त्याचे सहा भाग केले, आणि दुसऱ्याच दिवशी, चुना पुरता सुकलेला नसताना, मुलांच्या हाती कुंचले दिले. प्रथम पिवळा. वाटीभर हळद लागली. मुलांनी आळीपाळीने हात फिरविले, आणि सकाळच्या उन्हात तो भाग असा काही उजळला की, रस्त्याने जाणारे दोघे-तिघे थबकून पाहू लागले. गुरुजी निळ्याच्या तयारीस लागले. नीळ कालवून मान वर करतात तो काय! पिवळा कडेकडेने मळकट झालेला. बघता बघता नारिंगी, आणि नारिंगीचा थेट विटकरी तांबडा.

"गुरुजी, तुमचा पिवळा लाजला!" बन्सी ओरडला.

मुले खो खो हसू लागली. रस्त्यावरची माणसेही हसली. गुरुजींचा चेहरा उतरला. दहा वर्षे ज्या विद्येवर त्यांनी एकट्याने जीव लावला, तिची भर रस्त्यावर अशी थट्टा व्हावी हे त्यांना सोसेना. कोणीतरी वरून कुंकू फिरविले, याविषयी त्यांना शंका उरली नाही.

"कोणी केले हे? हात दाखवा सगळ्यांनी."

एकेक हात पुढे आला. हळदीने पिवळे, निळीने निळे. सरूच्या बोटांची नखे मात्र मुळापर्यंत तांबडी होती.

"सरू! तू?"

"म्या नाय केलं, गुरुजी."

"मग नखे कशाने रंगली?"

तिने बोटे मिटून घेतली.

"खोटे बोलतेस वर? भिंत नासविलीस ती नासविलीस—"

"म्या नाय नासवली!" सरूचा आवाज एकदम चढला. "भिताडाला वला चुना हाय. हळदीला चुना लागला की ती तांबडीच व्हती. तुमी म्हनलात नाय व्हत, म्हून म्या गप बसले. पर व्हती!"

हे ऐकून गुरुजींनी ओसरीवर बसलेल्या बद्रीनाथरावांकडे जाऊन त्यांची तंबाखूची डबी मागितली. तळहातावर हळद घेतली, नखावर चुना घेतला आणि मुलांच्या घोळक्यात उभे राहून अंगठ्याने मळला. हळद त्यांच्या डोळ्यांदेखत तांबडी झाली.

गुरुजींना दुसरीही गोष्ट त्याच क्षणी उमगली. टेबलावरच्या ज्या वाटीकडे बोट दाखवून ते आजवर 'मूळ लाल' म्हणत आले, ते कुंकू! तेही हळदीचेच लेकरू होते.

वाचकहो, दुसरा कोणी असता तर ओशाळला असता. लासूरकर गुरुजी हसले. चार वर्षांत ते असे हसले नव्हते. त्यांनी सरूचा हात धरून तिला भिंतीपुढे उभे केले.

"मुलांनो, मी चुकलो. ही बरोबर आहे. माझ्या वहीत नाही ते या मुलीला ठाऊक आहे. सरू, तुला हे कोणी शिकविले?"

"मायनं," ती हळूच म्हणाली.

"आई काय करते याचे?"

सरूने ओठ मिटून घेतले. परंतु गुरुजींच्या आनंदाला आता बांध राहिला नव्हता. "समजलो! तुझी आई कुंकू करते! वा! अग, मग तुझी आई माझ्याहून मोठी मास्तरीण आहे!"

एवढे बोलून त्यांनी कुंचला उचलला आणि वर्तुळाशेजारी मोठ्या अक्षरांत लिहिले: 'हळदीस चुना लागल्यास ती लाल होते. हे ज्ञान इयत्ता पाचवीतील कु. सरू हिने आपल्या मातेपासून मिळवून शाळेस दिले.'

वर्ग चिडीचूप झाला होता. बन्सीसुद्धा हसत नव्हता. गुरुजींनी त्या शांततेचा अर्थ आदर असा लावला.

त्या सायंकाळी त्यांनी पुष्कळ दिवसांनी वरण-भात केला. वहीत कोऱ्या पानावर सारी हकीकत लिहिली. ती कोणाला तरी सांगावी म्हणून ते दोनदा दारापर्यंत गेले. समोरच्या ओट्यावर दोघे पानसुपारी खात बसले होते. "रामराम गुरुजी," ते म्हणाले. "रामराम," गुरुजी म्हणाले, आणि आत येऊन त्यांनी दार लोटून घेतले.

दुसऱ्या दिवशी सरू शाळेत आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. गुरुजींनी मुलांना विचारले तर मुले एकमेकांकडे पाहू लागली.

तिसऱ्या दिवशी गुरुजी रॉकेल आणावयास काकासाहेबांच्या किराणा दुकानी गेले. काकासाहेब हे गावातील मोठे दुकानदार आणि शाळेच्या कमिटीचे मेंबर. दुकानात त्यांची गिऱ्हाईक दगडाबाई मोठ्याने भांडत होती. हिच्या तोंडाला सारी पेठ वचकून असे.

"हे घ्या तुमचं तुळजापूरचं कुंकू!" तिने पुडी गल्ल्यावर आदळली. "तुळजापूर म्हनं! म्हारवाड्याच्या वाटंवर चतुराबाईच्या खोपटात हाय व्हय तुमचं तुळजापूर?"

"अहो दगडाबाई, हळू बोला—"

"कामून हळू बोलू? माझ्या लेकीचं लगीन चार दिसांवर आलं. रांडमुंड बाईनं कुटलेलं कुंकू तिच्या कपाळी लावू? शाळंच्या भिताडावर लिव्हलंय ते काय खोटं हाय? पोरगी स्वतःच्या तोंडानं बोलली!"

एवढ्यात तिला गुरुजी दिसले. "हे बगा, आलेच. इचारा यायलाच."

गुरुजींच्या हातातील बाटली तशीच राहिली. चतुराबाई म्हणजे सरूची आई हे त्यांना ठाऊक होते. ती विधवा आहे हे त्यांना ठाऊक नव्हते, आणि ठाऊक असते तरी कुंकू कोणी करावे व कोणी करू नये याचा विचार त्यांच्या ध्यानी आला नसता. ते रंगाचा विचार करीत होते.

"मला काही... मी पाहून सांगतो," असे काहीतरी पुटपुटून ते खाली उतरले.

काकासाहेब त्यांच्या मागोमाग कोपऱ्यापर्यंत आले आणि दबक्या आवाजात म्हणाले, "गुरुजी, कबूल करतो, माल तिचाच. चार वर्षं घेतोय. असं बारीक, असं भडक कुंकू तालुक्यात कोणाला साधत नाही. पण आता पाच जणींनी पुड्या परत आणल्या. मी तिचं काम बंद केलंय. मलाही धंदा करायचाय. तुम्हीच सांगा, तुम्हाला काय पडलं होतं ते भिंतीवर लिहायचं?"

गुरुजींनी रिकामी बाटली काखेत मारली.

ते तसेच चतुराबाईच्या घरी गेले. एकट्या बाईच्या घरात परपुरुषाने शिरणे बरे नव्हे, म्हणून अंगणातच उभे राहिले. सरू दाराशी बसली होती. त्यांना पाहताच उठून उभी राहिली आणि तिचा चेहरा फुलला. गुरुजी आपल्यासाठी आले आहेत, आता सारे ठीक होईल, असा तिचा भाव होता. अंगणात सुपांवर हळकुंडे वाळत होती. लिंबाच्या रसात आणि टाकणखारात मुरून तांबूस झालेली. शेजारी उखळ पालथे घातलेले होते.

चतुराबाई दाराआड उभी राहून बोलली. तिचा नुसता पदर दिसत होता.

"गुरुजी, तुमी पोरीला शाबासकी देली. लई चांगलं वाटलं. ती घरी येऊन नाचत व्हती. तिला कळलंच नाय काय झालं ते."

"माझ्या हातून अपराध झाला, बाई. मला ठाऊक नव्हते."

"तुमाला कोन दोष देतंय? मालक गेले तवा ही सात वर्साची व्हती. शेतात मोलानं जायचं तर माझं कंबरडं मोडलेलं. हे काम मायरी शिकलेली व्हते. काकासाहेब म्हनले, कर, पर कुनाला कळू देऊ नको. चार वर्सं पोरीनं तोंड उघडलं नाय. नखं झाकून शाळंत जायची."

"मी ते नाव आत्ता पुसतो."

"नाव पुसल्यानं काय व्हतंय? समद्यायनी वाचलं." तिने पदर पुढे ओढला. "तुमी शिकलेले. गाव तुमचं ऐकंल. तुमी म्हना की, पोरगी खोटं बोलली."

"पण ती खरे बोलली आहे!"

"खरं बोलली म्हून तर चूल बंद झाली, गुरुजी."

गुरुजींनी सरूकडे पाहिले. तिच्या चेहऱ्यावरचा आनंद मावळला नव्हता. ती त्यांच्याकडे विश्वासाने पाहत होती. "गुरुजी तसं म्हननार नाय, माय," ती आईला समजावीत म्हणाली. "त्यायनी समद्या वर्गाम्होरं सोता चुकलो म्हनलं. ते खोटं नाय बोलत."

गुरुजी परत फिरले.

पुढले तीन दिवस त्यांनी कसे काढले ते त्यांचे त्यांनाच ठाऊक. सांगावे तर कोणाला सांगावे? बद्रीनाथरावांना सांगावे तर गोष्ट आणखी एका कानी जाणार. भावाला पत्र लिहावयास घेतले आणि 'वि. वि.' पुढे शब्द सुचेना. मनाशी त्यांनी नाना तऱ्हेने हिशेब मांडून पाहिला. आपण गप्प राहिलो तर मायलेकी उपाशी राहतात. खरे ठासून सांगितले तर जास्तच उपाशी राहतात. विधवेने कुटल्याने कुंकवाला काय होते, असे गावाला विचारावे, हेही मनात आले. परंतु दगडाबाईच्या लेकीचे लग्न चार दिवसांवर होते आणि गावाचे मन चार दिवसांत बदलत नसते. बदलेपर्यंत चतुराबाईने खावे काय? उरला एकच मार्ग. आणि त्या मार्गावर ती मुलगी उभी होती.

सव्वीस जानेवारीस सकाळी झेंडा चढला. प्रभातफेरी गावातून फिरून आली. शाळेपुढे सारा गाव जमला होता. एका अंगास पुरुष, एका अंगास बाया. काकासाहेब खुर्चीवर होते. बद्रीनाथरावांनी भाषण आटोपते घेतले आणि म्हणाले, "आता आमचे लासूरकर गुरुजी हे भिंतीवरचे चक्र समजावून सांगतील."

बायांच्या घोळक्यात कुजबूज झाली. गुरुजी भिंतीपाशी गेले. पाचवीच्या रांगेत शेवटी सरू उभी होती. चतुराबाईने तिला मुद्दाम धाडले होते. धुतलेले पोलके, विंचरलेले केस. हात आज तिने लपविलेले नव्हते.

गुरुजींनी पिवळा सांगितला, निळा सांगितला. मग घसा साफ करून ते म्हणाले, "येथे जे हळदीविषयी लिहिले आहे, त्यासंबंधी खुलासा करणे माझे कर्तव्य आहे. हळद चुन्याने तांबडी होते हे खरे. परंतु हे मला माझ्या स्वर्गवासी पत्नीने सांगितले होते. मी ते कुंचले धुताना या मुलीपाशी एकदा बोलून गेलो आणि पुढे स्वतःच विसरलो. हिने ते ध्यानात ठेवले, आणि चारचौघांत मोठेपणा मिळावा म्हणून आपल्या आईचे नाव सांगितले. मीही चौकशी न करता लिहून बसलो. तिची आई असले काही काम करीत नाही."

"मंग पोरीची नखं कामून तांबडी हायेत?" बायांमधून दगडाबाईचा आवाज आला.

झेंड्याची दोरी तेवढी काठीवर आपटत होती.

"ती नखे गेरूने रंगलेली आहेत," गुरुजी म्हणाले. "भिंतीच्या कामासाठी मीच तिला घरी कुटावयास दिला होता. मी शिक्षक आहे, बाई. झेंड्याखाली उभा राहून मी खोटे कशाला बोलेन?"

दगडाबाई मागे सरली. शिकलेल्या माणसाने झेंड्याखाली सांगितले. आता बोलण्यासारखे उरले नव्हते. "म्या म्हनलंच व्हतं, चतुराबाई तशी नाय," एक म्हातारी म्हणाली. काकासाहेबांनी मिशीवरून हात फिरविला. "तुळजापूरचा माल आहे, बायांनो. उगा गरिबाच्या नावानं बोंब मारली."

"खोटारडी!" बन्सी रांगेतून कुजबुजला, आणि तो शब्द रांगेने शेवटपर्यंत पुढे पुढे गेला.

गुरुजींनी ओले फडके घेऊन सरूच्या नावाची ओळ पुसली. बद्रीनाथराव हौसेने म्हणाले, "अहो, मग तिथं वहिनींचं नाव लिहा की! माउलीची आठवण राहील." लोकांनी माना डोलाविल्या. नाही म्हणावयास कारण काय सांगणार? गुरुजींनी कुंचला घेतला आणि तेथे 'कै. सौ. अनसूया' असे लिहिले. चार वर्षे हे नाव कोणापाशी तरी उच्चारावे असे त्यांना वाटत होते, आणि ते लिहिले गेले ते असे. लिहून होताच त्यांनी भिंतीकडे पाठ केली. सरू त्यांच्याकडे पाहत होती. ती रडत नव्हती. रडली असती तर गुरुजींना बरे वाटले असते.

दगडाबाईच्या लेकीच्या लग्नाला काकासाहेबांच्या दुकानचेच कुंकू गेले. चतुराबाईचे उखळ उलटे होते ते सुलटे झाले. आठ दिवसांनी पहाटे गुरुजींच्या दाराशी कोणीतरी शेरभर ज्वारी आणि चार लिंबे ठेवून गेले. कोण ते त्यांना कळले. घ्यावे तरी पंचाईत, परत करावे तर आणखी चर्चा. त्यांनी ती ज्वारी दळून आणली आणि तिची भाकरी खाल्ली.

सरू शाळेत येऊ लागली. गणिताला येई, वाचनाला येई, चित्रकलेलाही येई. सांगितलेले चित्र सांगितल्याप्रमाणे काढून पाटीशेजारी ठेवी. एके दिवशी गुरुजींनी धीर करून उजळणीच्या निमित्ताने तिला उभे केले.

"सरू, सांग पाहू. तांबडा रंग मूळचा की झालेला?"

सारा वर्ग वळून पाहू लागला. सरू उभी राहिली. तिने गुरुजींकडे पाहिले नाही, फळ्याकडे पाहिले.

"तुमी म्हनाल तो, गुरुजी."

"खाली बस," गुरुजी म्हणाले. त्यांना खडू सापडेना. तो त्यांच्या हातातच होता.

तास सुटल्यावर ते तिच्या मागोमाग ओसरीपर्यंत गेले. "बाळ, तुला ठाऊक आहे ना मी तसे का बोललो? तू खोटी नव्हतीस. मी खोटा होतो. हे तुला मी..."

"ठावं हाय, गुरुजी." तिने दप्तर खांद्याला लावले. "माय म्हनली, तुमचे लई उपकार हायेत आमच्यावर. कवा इसरायचं नाय."

एवढे बोलून तिने त्यांच्या पायांना हात लावला, जसा कोणीही परक्या वडीलधाऱ्याच्या पायांना लावतो, आणि ती मुलींच्या घोळक्याच्या मागे, घोळक्यापासून चार पावले सोडून, घरच्या वाटेला लागली. त्या मुली तिला अजून आपल्यात घेत नव्हत्या. गुरुजी ओसरीच्या खांबाला टेकून ती दिसेनाशी होईपर्यंत उभे राहिले.

मार्चमध्ये परीक्षा झाली आणि सरूने शाळा सोडली. आईच्या हाताखाली ती तरबेज झाली, असे काकासाहेब पुढे सांगत. तांबड्या रंगाविषयी तिने पुन्हा कोणापाशी शब्द काढला नाही. गुरुजी बिडकीनला आणखी सहा वर्षे होते. वरून रंगांच्या पेट्या येऊ लागल्या, आणि त्यांनी मुलांकडून घरची पुडी कधी मागविली नाही. मूळ रंग कोणते, असे ते शिकवीत असत. मुले वहीत उतरून घेत. प्रश्न कोणी विचारीत नसे. तास संपला की गुरुजी पुन्हा विचारीत, "कोणाला काही शंका?" आणि वर्ग रिकामा होईपर्यंत टेबलापाशी उभे राहत.

येथे ही कथा पूर्ण झाली. गुरुजींनी केले ते योग्य की अयोग्य, याचा निवाडा मी करू शकलो नाही. तो वाचकांनी आपल्या मनाशी करावा. आपला अमोल वेळ देऊन ही हकीकत शेवटपर्यंत वाचल्याबद्दल सर्वांचे अंतःकरणपूर्वक आभार मानतो आणि लेखणी ठेवतो.

आपला नम्र,
आप्पासाहेब रंगनाथ नरवडे
मुक्काम पाचोड, तालुका पैठण